सोळा ट्रॅक आणि एक विमान

यंत्रात काहीही बिघाड नव्हता, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. गेला महिनाभर आमच्या किरोळ गावठाणात वाटेल ते बोललं जातंय. कोणी म्हणतं कॉस्मसने, म्हणजे मी, भलतंच बटण दाबलं, कोणी म्हणतं कॉस्मसला बटणंच कळत नाहीत. बत्तीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेल्या माणसाबद्दल हे असं! तेव्हा झालं ते जसं झालं तसं मीच सांगितलेलं बरं.

माझ्या मुलीचं, लविनाचं, लग्न ठरलं. लग्न म्हटलं की आदल्या संध्याकाळी आमच्यात उंबराचं पाणी असतं. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरतात, आणि त्या पाण्याने नवरीला किंवा नवऱ्याला अंघोळ घालतात. विहिरीवर गाणं होतं. आमच्या घरची पद्धत अशी की एकीने हाक द्यायची आणि दुसरीने उत्तर. हाकेत घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं, अमकी आली गो, तमका आला गो. ज्याचं नाव राहिलं तो लग्नात असून नसल्यासारखा. हाक द्यायची ती माझी मोठी बहीण कार्मेन, तिला आम्ही बाय म्हणतो. उत्तर द्यायची ती माझ्या थोरल्या भावाची बायको, फ्लेविया वहिनी. अख्खं गाणं फक्त या दोघींना येतं, आणि या दोघी गेली नऊ वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत.

कारण विमान. नऊ वर्षांपूर्वी वहिनीच्या ट्रेव्हरचं लग्न होतं. विहिरीवर बायने झाडून सगळ्यांची नावं घेतली, अगदी कुवेतला असलेल्या मावसभावाचंसुद्धा. पण नवऱ्यामुलाच्या आईचं, म्हणजे वहिनीचंच, नाव कोणाला ऐकू आलं नाही. विमानतळावर उतरणारी सगळी विमानं आमच्या घाटकोपरच्या डोक्यावरून जातात. बाय शपथेवर सांगते, ‘मी नाव घेतलं होतं, नेमकं वरून विमान गेलं.’ वहिनी म्हणते, ‘विमान नंतर आलं, नाव आधीच गाळलं होतं.’ ट्रेव्हरला आता दोन मुलं झाली तरी हा निकाल लागलेला नाही. दोघींच्या घरांत चाळीस पावलांचं अंतर आहे. पाववाला एकीचा निरोप दुसरीला देऊन थकला आणि शेवटी त्याने गल्लीच बदलली.

लविनाने मला स्पष्ट सांगितलं, “पप्पा, आत्या आणि काकी दोघी गाणार असतील तर उंबराचं पाणी करू. नाहीतर नकोच. अर्धं गाणं मला नकोय.” एवढं बोलून ती आत गेली, आणि आत जाऊन ती रडली हे मला आमच्या हिने येऊन सांगितलं. मला फार वाईट वाटलं. त्याच क्षणी मी ठरवलं की गाणं होणार. एकदा ठरवलं की मी मागे हटत नाही. आमची ही याला वेगळा शब्द वापरते, तो जाऊ दे.

मी आधी बायकडे गेलो. ती म्हणाली, “माझा गुडघा बघ. मी कुठे विहिरीवर येणार?” विहीर तिच्या ओट्यासमोर पंधरा पावलांवर आहे. मग वहिनीकडे गेलो. ती म्हणाली, “ती असेल तिथे मी नाही. ती नसेल तर मी कोणाला उत्तर देऊ? भिंतीला?” दोघीही आपापल्या जागी बरोबरच होत्या, आणि नेमका त्याचाच मला राग आला.

उपाय माझ्या हॉलमध्येच होता, टॉवेलखाली झाकून ठेवलेला. रिटायर झाल्यावर मी पवईच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याकडून एक कीबोर्ड घेतला होता. कीबोर्ड म्हणायचं आपलं, खरं नाव वर्कस्टेशन. त्यात तबल्यापासून व्हायोलिनपर्यंत सगळं वाजतं, आणि मुख्य म्हणजे त्यात आवाज रेकॉर्ड करायला सोळा ऑडिओ ट्रॅक आहेत. ट्रॅक म्हणजे ओळीने सोळा खोल्या समजा. एकेका खोलीत एकेकाचा आवाज ठेवायचा, आणि सगळी दारं एकदम उघडली की सगळे मिळून गातात. ज्या दोघींना एका खोलीत बसायचं नाही त्यांच्यासाठी याहून चांगली सोय कुठली? बायला एका दिवशी बोलवायचं, वहिनीला दुसऱ्या. लग्नाच्या आदल्या दिवशी यंत्र विहिरीवर न्यायचं आणि बटण दाबायचं. ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःलाच चहा करून घेतला.

पहिल्या दिवशी बाय आली, खुर्चीत बसली आणि चाळीस मिनिटं न थांबता गायली. मी कानाला हेडफोन लावून ताल धरून बसलो होतो. मग मी ऐकायला बटण दाबलं. काहीच नाही. त्या यंत्रात नुसतं रेकॉर्डचं बटण दाबून भागत नाही, कोणत्या ट्रॅकवर रेकॉर्ड करायचं तेही आधी निवडावं लागतं. हे पुस्तकात लिहिलेलं असणार, पण पुस्तक त्या विद्यार्थ्याने कधीच हरवलं होतं.

“मी गात होते तेव्हा तुझं यंत्र झोपलं होतं काय रे?” बाय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक निवडला, तर विमानं आली. आमच्याकडे दर दोन-तीन मिनिटांनी एक. बायच्या मते विमानांना तिचं गाणं मुद्दाम कळतं. इथे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी विद्याधर परुळेकर मदतीला धावला. विद्याधर मूळचा मालवणचा, सरकारी दप्तरखान्यात आयुष्य काढलेला, आणि कुठल्याही कामात सल्ला द्यायला सदैव मोकळा.

“अरे, माका अगोदर विचारूक नको?” तो म्हणाला. “फोनवर विमानां दिसतत. मी गच्चीवर उभो ऱ्हवतंय. विमान येताना दिसला की तुका एक मिस्ड कॉल. गेला की दोन.”

योजना झकास होती. विद्याधर भर दुपारी छत्री घेऊन गच्चीवर उभा राहिला. पहिल्या कडव्यात विमान आलं नाही, पण विमान येतंय हे सांगणारा माझा फोन मोठ्याने वाजला आणि तो बायच्या आवाजाबरोबर ट्रॅक एकवर कायमचा बसला. मग फोन मुका केला. मग तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरने चार शिट्ट्या दिल्या. त्यांच्या डाळीला चार लागतात हे मला त्या आठवड्यात पाठ झालं. पण मी मागे हटलो नाही. दोन विमानांमध्ये एक ओळ, अशा हिशेबाने चार दुपारी घालवून मी बायचं सगळं गाणं रेकॉर्ड केलं.

सगळं म्हणजे एक नाव सोडून. काकीच्या ओळीत नावाची जागा आली की बाय थांबायची, चार मात्रा छताकडे बघायची आणि ओळ पुरी करून पुढच्या नावावर जायची.

“बाय, वहिनीचं नाव?”

“नऊ वर्षांपूर्वी घेतलंय. एकदा घेतलेलं नाव परत कशाला घ्यायचं?”

वहिनीला हे कळायला वेळ लागला नाही. ती आली, तिने हेडफोन लावला, डोळे मिटून ऐकत राहिली. नणंदेचा आवाज ती नऊ वर्षांनी इतक्या जवळून ऐकत होती, आणि मला वाटतं तिला बरं वाटत होतं. मग ती रिकामी जागा आली. वहिनीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“इथे पण विमान गेलं वाटतं,” ती म्हणाली आणि घरी गेली.

आता मी जे केलं ते मला मान्य आहे की थोडं कमी सरळ होतं. बाय गाऊन झाल्यावर पाणी प्यायली तेव्हा मी रेकॉर्डिंग थांबवायला विसरलो होतो, आणि त्या वेळी तिने एक वाक्य म्हटलं होतं, “त्या फ्लेवियाला सांग, तिची वाटी माझ्याकडे राहिलीय.” निरोप मी वहिनीला पोचवला, आणि पूर्ण एक दिवस खर्चून त्या वाक्यातून फक्त नाव कापलं आणि गाण्याच्या रिकाम्या जागेत चिकटवलं. यंत्राला ते जमतं. मलाही जमलं, याचा मला अभिमान आहे. फक्त गाणं असं झालं की बाय गोड आवाजात “लविनाची काकी” म्हणायची, मग अंगावर खेकसल्यासारखं “फ्लेविया!” आणि लगेच पुन्हा गोड आवाजात “आली गो आली.”

वहिनीने एकदाच ऐकलं. “कॉस्मस, हे नाव गायलेलं नाही. हे ओरडलेलं आहे. आणि वाटी नव्हती, डबा होता.”

मला इतकी लाज वाटली की मी उठून पंखा पुसायला घेतला. पण वहिनी तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “लविनासाठी मी बाकी सगळ्यांची उत्तरं देते. माझ्या नावाच्या जागी मी गप्प बसेन. चार मात्रा. लोकांना कळू दे.”

म्हणजे गाण्याच्या मधोमध आता दोघींनी मिळून बांधलेलं एक भोक होतं. तरी गाणं होतंय या आनंदात मी ते सोडून दिलं. आणि तिथेच खरी भानगड सुरू झाली. उत्तरात थोडी चेष्टा करायची आमच्यात रीत आहे. बायच्या स्वतःच्या नावाला वहिनीने उत्तर घातलं, “आली गो आली, नाक वर करून आली.” बायने ते ऐकायचा हट्ट धरला, ऐकलं, आणि म्हणाली, “परत लाव ते बटण.” तिने नवी हाक घातली. वहिनीने ती ऐकून नवं उत्तर घातलं. मी सोळा ट्रॅकच्या यंत्रावर नणंद-भावजयीचं भांडण रेकॉर्ड करत होतो, आणि दोघीही माझ्या हॉलमध्ये येऊन जितक्या खूश दिसत होत्या तितक्या मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिल्या नव्हत्या. दोन आठवड्यांत सोळाच्या सोळा ट्रॅक भरले. शेवटी बायने जाहीर केलं की आता ती सगळं गाणं पहिल्यापासून शेवटचं गाणार, तिचं जुनं सगळं तिच्यादेखत पुसायचं. मी पुसलं. ती गायली. फारच सुंदर गायली, नावाच्या जागी चार मात्रा गप्प बसून.

मधल्या काळात विहिरीची परवानगी काढायची होती. डासांमुळे विहिरीवर लोखंडी जाळी आणि कुलूप असतं. पालिकेच्या कचेरीत तेजल नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, “विहीर कशासाठी उघडायची? साफसफाई, दुरुस्ती की बुजवणे?” मी म्हटलं, लग्न. अर्जात लग्नाचा रकाना नव्हता. तीन फेऱ्यांनंतर आम्ही दोघांनी मिळून ‘दुरुस्ती’वर खूण केली. खालच्या ओळीत ‘दुरुस्तीचे स्वरूप’ असं होतं. मी लिहिलं, ‘कौटुंबिक’. मॅडमनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. त्यांचं भलं होवो.

आता तो बटणाचा प्रसंग. लग्नाच्या दोन दिवस आधी यंत्राने पडद्यावर सूचना दिली की जागा संपत आली. विद्याधर शेजारीच उभा होता.

“दप्तरखान्यात आमी काय करू?” तो म्हणाला. “नको त्या फायली काडून टाकू. तुका सांगतंय, जुना साठवून ठेवलंस की नवा सापडणा नाय.”

पडद्यावर प्रश्न आला, वापरात नसलेल्या ऑडिओ फायली काढून टाकू का? इतका समंजस प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं. त्यात यंत्राची चूक नाही. वहिनीची उत्तरं झाल्यावर मी गाणं सेव्ह केलं होतं. बायचं शेवटचं गाणं झाल्यावर तिच्यासाठी रिक्षा बघायला म्हणून खाली धावलो आणि सेव्ह करायचं राहिलं. त्यामुळे यंत्राच्या दृष्टीने माझी बहीण कुठेच वापरात नव्हती. दहा सेकंदांत वहिनीची उत्तरं तेवढी उरली आणि बाय गेली.

विद्याधर हळूच म्हणाला, “वाट लागली.” तेवढंच तो त्या दिवशी मराठीत बोलला, आणि सल्ला न देता घरी गेला.

बायला सांगायची माझी हिंमत झाली नाही, ती परत गाणार नव्हती, तिचा आवाज बसला होता. लविनाला मात्र सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “पप्पा, तुम्ही तरीपण लावा. काकीचं तरी ऐकू येईल.” चिडली असती तर बरं झालं असतं.

आदल्या संध्याकाळी पाच वाजता आम्ही विहिरीवर पोचलो. पुढे बँडवाले, मागे कळशा घेतलेल्या बायका, मध्ये लविना, आणि सगळ्यांच्या मागे यंत्र, स्पीकर आणि वायरींची गुंडाळी घेऊन मी. वायर लावायला जवळचा प्लग बायच्या ओट्यावर होता. “प्लग देते, पण मी येणार नाही,” असं तिने आधीच बजावलं होतं. ती खिडकीत बसली होती, आपलं गाणं ऐकायला. वहिनी विहिरीच्या दुसऱ्या बाजूला खिडकीकडे पाठ करून उभी होती. बँड थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी मनातल्या मनात क्रूस काढला आणि बटण दाबलं.

आधी नुसती शांतता. बायची हाक असायला हवी होती तेवढी लांब. लोक स्पीकरकडे बघत राहिले. मग अचानक स्पीकरमधून वहिनी ठणठणीत आवाजात म्हणाली, “आला गो आला, पोट सांभाळत आला!” पुन्हा शांतता. मग, “आली गो आली, नाक वर करून आली!” कोण आला, कोण आली, काही कळायला मार्ग नव्हता.

“कॉस्मस,” खरी वहिनी लाल होऊन म्हणाली, “मी वेड्यासारखी एकटीच काय बडबडतेय?”

मी सगळी बटणं दाबून पाहिली. मला माहीत होतं त्यात काही नाही, पण एवढ्या लोकांसमोर माणसाला काहीतरी दाबत राहावं लागतं. स्पीकर पुढे चालूच होता, शांतता आणि उत्तर, शांतता आणि उत्तर.

जिने पन्नास वर्षं हाक दिली, तिला हे सहन होण्यासारखं नव्हतं. खिडकीतून ओरडणं आलं, “अरे, ती उत्तर देतेय कोणाला? हाक कुठाय माझी?” आणि पाठोपाठ दार उघडलं. बाय काठी टेकत ओट्यावरून उतरली, पंधरा पावलं चालत आली, कठड्याला हात टेकला आणि पुढच्या रिकाम्या जागेत बरोबर हाक दिली. आवाज बसलेला, दम लागलेला, पण सूर जागच्या जागी. लविनाने तोंडावर हात ठेवला.

फक्त आता बायला श्वास घ्यायला वेळ लागत होता आणि यंत्र कोणासाठी थांबत नाही. तिची हाक संपायच्या आत स्पीकरमधली वहिनी उत्तर देऊन मोकळी व्हायची. दोनदा झालं. तिसऱ्यांदा बायने स्पीकरवर काठी आपटली. “थांब की गो फ्लेविया! मला संपवू तर दे!”

“मी कुठे? ते मशीन आहे!” वहिनी विहिरीपलीकडून ओरडली.

नऊ वर्षांतलं हे त्यांचं पहिलं बोलणं. ते झाल्याचं दोघींच्या एकदमच लक्षात आलं असावं, कारण दोघींनीही एकमेकींवरून नजर काढली. मग दोघीही माझ्याकडे वळल्या.

“कॉस्मस, बंद कर ते,” वहिनी म्हणाली.

“कधीपासून सांगतेय याला,” बाय म्हणाली. तिने आधी एकदाही सांगितलं नव्हतं.

दोन महिन्यांचं काम होतं ते. मी प्लग काढला.

वहिनी कठड्याला वळसा घालून इकडच्या बाजूला आली. बायने हाक दिली, वहिनीने बायच्या श्वासासाठी थांबून उत्तर दिलं. एकेक नाव येत गेलं. आमच्या हिचं आलं, ट्रेव्हरचं आलं, त्याच्या दोन्ही मुलांची आली. काकीची ओळ जवळ आली तशा सगळ्या बायका पुढे सरकल्या. लविनाने माझा हात धरला. बायने तोंड उघडलं, “लविनाची काकी,” आणि विद्याधर फोन उंच धरून ओरडला, “इला! इला!”

डोक्यावरून विमान येत होतं, चाकं बाहेर काढलेलं, नेहमीपेक्षा खाली.

बायने हात वर केला, रस्त्यातला पोलीस करतो तसा. सगळं थांबलं. विमान आलं, गावठाणावरून गेलं, पार साकीनाक्याच्या पलीकडे जाऊन त्याचा आवाज विरला. बायचा हात वरच होता. कुठे कळशीचा आवाज झाला तर तिने तिकडेही डोळे वटारले. सगळं अगदी शांत झाल्यावर तिने हात खाली घेतला आणि गायली, “फ्लेविया गो आली.”

पदराने डोळे पुसून वहिनी म्हणाली, “परत घे. नीट ऐकू आलं नाही.”

बायने परत घेतलं. मग स्वतःहून तिसऱ्यांदा घेतलं, मागची थकबाकी म्हणून असेल. मग दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, बँडवाल्यांनी सुरुवात केली, लविना रडत रडत हसत होती, आणि कळशा भरून सगळे निघाले.

वायरींची गुंडाळी करता करता माझ्या लक्षात आलं की नवरीच्या बापाचं नाव काही आलं नाही. मी विद्याधरला विचारलं. त्याने फोनवर सगळ्या आभाळात बोट फिरवून नीट तपासलं आणि सांगितलं की त्या वेळी विमान नव्हतं.